येसाजीच्या खिशातलं कुत्रं

येसाजीचा खिसा पहिल्यांदा भुंकला तेव्हा शैलेश गावंडे चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत ऑफिसच्या मीटिंगला बसला होता. बसला होता म्हणजे कॅमेरा बंद, माइक बंद आणि मांडीवर पोह्यांची बशी. नेऱ्यातल्या त्यांच्या सोसायटीच्या मागे एक रिकामा प्लॉट आहे. बिल्डरने तिथे दुसरी इमारत बांधायचं कबूल केलं होतं आणि त्याचं ते कबूल करणं अजून चालूच आहे. तोवर दरवर्षी दिवाळी उलटली की येसाजी आणि बानूबाई हे धनगर जोडपं आपली मेंढरं घेऊन तिथे जाळी लावून राहतं. सोसायटीच्या बागेला लेंडीखत मिळतं, येसाजीला जागा मिळते, पोरांना कोकरं बघायला मिळतात आणि सेक्रेटरी दयानंद कुलथे यांना तक्रार करायला काहीतरी मिळतं. एकूण सगळ्यांचं भलंच होतं.

तर त्या दिवशी येसाजी काठीला टेकून उभा होता आणि अचानक त्याच्या छातीतून एक दांडगं कुत्रं भुंकलं. मेंढरं जी उधळली ती मागच्या फाटकातून थेट सोसायटीच्या हिरवळीवर. येसाजीचं खरं कुत्रं मात्र मेंढरांमागे न जाता येसाजीकडेच संशयाने बघायला लागलं आणि त्याच्या बंडीच्या खिशावर उड्या मारायला लागलं. शैलेशने मीटिंगमधून न सांगता रजा घेतली. त्याचा स्वभावच तसा. रस्त्यावर खड्डा खणलेला दिसला तरी आत काय निघालं हे बघितल्याशिवाय त्याला पुढे जाववत नाही.

खाली गेल्यावर उलगडा झाला. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी येसाजीच्या सुनेला, नंदाला, मेंढपाळांसाठीचं एक फुकट ॲप दिलं होतं. कुठल्या कोकराला कधी औषध पाजायचं याची आठवण ते करून देतं आणि "दिलं" असं बटण दाबेपर्यंत थांबत नाही. नंदाने ते सासऱ्याच्या मोबाईलमध्ये टाकलं होतं. ॲप बनवणारे कुठल्यातरी थंड देशातले. तिकडे मेंढ्या हाकायला कुत्री असतात, म्हणून त्यांनी आठवणीचा आवाज ठेवला तोही कुत्र्याचा. तिथल्या मेंढ्यांना त्याने घरच्यासारखं वाटत असेल. येसाजीच्या मेंढ्यांना ते कुत्रं परकं होतं.

"सायलेंटवर ठेवा ना मामा," शैलेश म्हणाला.

"मग मला कसं कळायचं, सायेब? आन ह्यो बंद केला तर औषध चुकतंय. मागल्या साली दोन कोकरं गेली त्यापायी."

दुसऱ्या दिवशी खिसा पुन्हा भुंकला आणि मेंढरं पुन्हा हिरवळीवर आली. संध्याकाळी लिफ्टमध्ये कुलथ्यांची नोटीस लागली. ते आयुष्यभर हिशेब खात्यात होते आणि त्यांची नोटीस नेहमी कलमवार असते. कलम तीन असं होतं, की यापुढे एकदा जरी मेंढ्या हिरवळीवर आल्या तर मागच्या प्लॉटवर त्यांना बसू देणं कायमचं बंद करण्यात येईल. बानूबाईला नोटीस वाचून दाखवली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "म्हाळुंग्यात बिल्डिंगी झाल्या, तितनं उठवलं. हितं बसलो. आता हितनं उठवलं तर कुटं जायचं त्ये बी त्यात लिवलंय का?"

तसं त्यात काही लिहिलेलं नव्हतं. शैलेशला ते फार लागलं आणि तो नको ते बोलून गेला. "मावशी, काळजी करू नका. आवाज बदलायचा फक्त. दहा मिनिटांचं काम आहे. मी करतो."

हे दहा मिनिटांचं काम आपण का अंगावर घेतलं याचं खरं कारण त्याने कुणाला सांगितलं नाही. शैलेश सतरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. अकोल्याहून आला तेव्हापासून तो एका परदेशी विमा कंपनीच्या कुठल्यातरी यंत्रणेच्या कुठल्यातरी पोटभागात काम करतो. तो भाग नक्की कोण वापरतं हे त्याने एकदा वरिष्ठांना विचारलं होतं, तेव्हा त्यांनी त्याला काही त्रास होतोय का असं काळजीने विचारलं. आता तर तो स्वतः कोडही लिहीत नाही, इतरांनी कोड कधी लिहावं याचे तक्ते करतो. आपण केलेली एखादी गोष्ट चालते म्हणजे कशी चालते, ती चालताना दिसते कशी, हे त्याला एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

ॲपचं कोड सगळ्यांना खुलं होतं. कुणीही त्यात दुरुस्ती करून मालकांना पाठवावी आणि म्हणावं, बघा, पटलं तर घ्या. या विनंतीला पुल रिक्वेस्ट म्हणतात. ती धाडण्याआधी दोन गोष्टी तपासायच्या असा तिथला नियम होता. पहिली म्हणजे बिल्ड, म्हणजे तुमच्या बदलासकट अख्खं ॲप नीट जुळून उभं राहतंय का. दुसरी म्हणजे स्टाइल, म्हणजे तुम्ही लिहिलेलं त्या घरच्या रीतीप्रमाणे आहे का. ओळ किती लांब, मोकळी जागा किती, सगळं ठरलेलं. सतरा वर्षांच्या अनुभवी माणसाला हे वाचून हसू आलं. ते त्याचं त्या महिन्यातलं शेवटचं हसू ठरलं.

सुरुवात आवाजापासून केली. कुत्र्याऐवजी येसाजीची हाळीच घालायची, म्हणजे मेंढरं पळण्याऐवजी जवळ येतील, अशी शैलेशची कल्पना. शनिवारी सकाळी तो मोबाईल घेऊन प्लॉटवर गेला. मोबाईल समोर धरल्यावर येसाजी वधूपरीक्षेला बसल्यासारखा गप्प झाला. मग टोपी नीट केली. मग खाकरला.

"मेंढरं तिकडं तोंड करून हायेत. मी कुणाला हाळी देऊ?"

"मला द्या असं समजा."

"तुमी काय मेंढरू हाय व्हय?" येसाजी म्हणाला आणि पुन्हा लाजला.

शेवटी त्याने डोळे मिटले आणि एक लांबलचक, घुमणारी हाळी दिली. तेवढ्यात एक मेंढी फाटकातून हिरवळीकडे निघालेली बानूबाईने बघितली. ती चुलीपासूनच ओरडली, "ए भवाने, कुटं निघालीस? फिर माघारी." आणि बघता बघता सगळा कळप माना वळवून येसाजीभोवती येऊन उभा राहिला. शैलेशच्या अंगावर काटा आला. "काय वजन आहे मामा तुमच्या आवाजाला," तो म्हणाला. येसाजीने मिशीवरून हात फिरवला. रेकॉर्डिंगच्या शेवटी बानूबाईचा आवाज आला होता, पण शैलेशला तो रंगतीचा भाग वाटला.

आता बिल्ड. ऑफिसच्या लॅपटॉपवर बाहेरचं काही चालत नाही, म्हणून घरचा जुना लॅपटॉप काढला. त्याने जागा नाही म्हणून सांगितलं. जागा कशाने भरली होती, तर लग्नाच्या व्हिडिओने. शैलेशने फार हळुवारपणे बायकोला विचारलं, "जान्हवी, हा पेन ड्राइव्हवर हलवू का? तुला वाईट तर नाही ना वाटणार?"

"डिलीट कर," जान्हवी भाजी निवडता निवडता म्हणाली. "कोण बघणारे परत?"

या उत्तरावर विचार करण्यात त्याचा अर्धा तास गेला. मग बिल्ड सुरू झालं. लॅपटॉपचा पंखा गिरणीसारखा घरघरायला लागला. तो आवाज ऐकून समोरच्या फ्लॅटमधल्या नलिनीकाकू आल्या. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी लॅपटॉपखाली स्टीलचं ताट ठेवायला सांगितलं, मग ताटाखाली ओला नॅपकिन, मग काय चाललंय ते समजून घेतलं. बिल्ड, स्टाइल, विनंती हे सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "म्हणजे लेखी परीक्षा आणि हस्ताक्षराचे गुण वेगळे. बरोबर आहे." त्यानंतर लिफ्टमध्ये चार माणसांसमोर त्या रोज विचारू लागल्या, "काय शैलेश, झालास का पास?"

पास काही होत नव्हता. कधी एखादं अवजार जुनं निघायचं, ते नवीन घेतलं की दुसरं जुनं ठरायचं. लाल अक्षरांत बिल्ड कोसळायचं आणि कारण म्हणून अशी काही लांबण लावायचं की सरकारी उत्तर परवडलं. आठवडाभर शैलेश मीटिंगमध्ये मान डोलावत दुसऱ्या लॅपटॉपवर हेच करत होता. येसाजी मात्र तोवर औषधाची वेळ झाली की मोबाईल डब्यात घालून, डबा गोधडीत गुंडाळून, गोधडीवर बसत होता. आतून दबकं भुंकणं यायचं आणि त्याचं कुत्रं गोधडीभोवती फेऱ्या घालायचं. एकदा गोधडी सरकली आणि मेंढरं फाटकापर्यंत धावली. बानूबाई आडवी आली म्हणून कलम तीन टळलं. फार दिवस हे निभणार नव्हतं.

पुढच्या शनिवारी बिल्ड हिरवं झालं. शैलेशने जान्हवीला बोलावून ती हिरवी खूण दाखवली. तिने "छान आहे" म्हटलं, जसं आपण दुसऱ्याच्या घरातल्या पडद्यांना म्हणतो. मग त्याने स्टाइलची तपासणी लावली आणि त्या तपासणीने त्याच्या दोन ओळींत तीन चुका काढल्या. एक ओळ लांब, एका ओळीच्या शेवटी फुकटची मोकळी जागा आणि फाइलच्या तळाशी जी एक रिकामी ओळ हवी ती नाही. शिवाय खाली अदबीने विचारलं होतं, की सगळं आपोआप नीट करून देऊ का?

आता इथे जे झालं त्याला शैलेश एकटा जबाबदार नाही, त्याचे संस्कार जबाबदार आहेत. आपल्याकडे कुणी पाहुणा येणार म्हटलं की बैठकीची खोली झाडायला घेतात. हात लावलाच आहे तर म्हणून माळा काढतात. माळा काढलाच आहे तर म्हणून डबे घासतात आणि पाहुणा दारात उभा राहतो तेव्हा घरातली सगळी भांडी गॅलरीत वाळत असतात. शैलेशच्या आईने एका चहाच्या पाहुण्यापायी घर रंगवायला काढलं होतं. तेव्हा "सगळं नीट करून देऊ का" या प्रश्नाला त्या घरातला माणूस नको म्हणणं शक्यच नव्हतं. हात लावलाच आहे तर होऊन जाऊ दे, असं म्हणून त्याने बटण दाबलं.

तपासणी यंत्राने "सगळं" हा शब्द मनावर घेतला. त्याने अख्ख्या ॲपची प्रत्येक फाइल उघडली, झटकली, पुसली आणि जागच्या जागी ठेवली. मग हिरवी खूण दिली. शैलेशने कृतार्थ होऊन विनंती धाडली, सोबत चार ओळींचं नम्र निवेदन. "एका आवाजात किरकोळ बदल केला आहे."

उत्तर आलं. तिथल्या तपासनीसाने आपल्या फोटोच्या जागी एका बोकडाचा फोटो लावलेला होता, त्यामुळे बाई की बुवा ते कळत नव्हतं. बोकडाने विचारलं होतं, की भुंकणं बदलण्यासाठी आपण आमचं पूर्ण ॲप बदललं आहे, हे आपल्या लक्षात आलं आहे का? कृपया जेवढं सांगता तेवढंच करावं. खाली जगभरातल्या सहा मेंढपाळप्रेमींनी अंगठे दिले होते.

शैलेश बराच वेळ बाल्कनीत जाऊन उभा राहिला. ज्याच्या हाताखाली अकरा जण काम करतात अशा माणसाला एका बोकडाने सुनवावं, तेही चारचौघांत. जान्हवीने चहा आणून दिला आणि विचारलं, "आता काय करणार?"

"सगळी भांडी परत माळ्यावर," शैलेश म्हणाला.

त्याने सगळं पहिल्यापासून केलं. फक्त आपल्या ओळी. ओळ तोडली, मोकळी जागा काढली, तळाशी रिकामी ओळ ठेवली. बिल्ड हिरवं, स्टाइल हिरवी. या वेळी बोकडाचा सूर नरमला होता. आवाज त्याला फार आवडला. फक्त शेवटी एक बाई रागावून काहीतरी बोलतात, तेवढं काढलंत तर स्वच्छ होईल, असं त्याने सुचवलं. शैलेशला ते पटलं. जगभर जाणार म्हटल्यावर "ए भवाने" बरं दिसत नाही. त्याने बानूबाईला कापून टाकलं, पुन्हा तपासण्या केल्या आणि शुक्रवारी विनंती मंजूर झाली. नलिनीकाकूंनी पेढ्याचा बॉक्स आणला. वर लिहिलं होतं, "प्रथम श्रेणी".

रविवारी दुपारी येसाजीच्या मोबाईलमध्ये नवं ॲप घातलं. औषधाच्या वेळेला प्लॉटवर बरीच मंडळी जमली. कुलथे हिरवळीच्या कडेला खुर्ची टाकून बसले होते, खिशात प्लॉट बंद केल्याची नोटीस, फक्त तारीख घालायची बाकी.  बानूबाईने सामान अर्धं बांधूनच ठेवलं होतं आणि शैलेशला ते गाठोडं दिसल्यावर हसताही येईना.

वेळ झाली. येसाजीच्या खिशातून येसाजीचीच हाळी आली. एकही मेंढरू पळालं नाही. शैलेशने सोडलेला श्वास कुलथ्यांपर्यंत ऐकू गेला असावा, कारण त्यांनी नाराजीने बघितलं. पण एकही मेंढरू जवळही आलं नाही. एकानेसुद्धा मान वर केली नाही. हाळी पुन्हा झाली, मेंढरं चरत राहिली.

"मोबाईलमदी आवाज बारीक येतोय," येसाजी जरा ओशाळून म्हणाला.

आणि तेवढ्यात चौथ्या मजल्यावरून तीच हाळी आली, पण दसपट मोठी. झालं होतं असं, की चाचणीसाठी शैलेशने स्वतःच्या मोबाईलमध्ये आधीचं, न कापलेलं रेकॉर्डिंग टाकलं होतं, येसाजीच्याच वेळेची आठवण लावून. ते काढायचं राहिलं होतं. मोबाईल घरी होता आणि बाल्कनीतल्या मीटिंगच्या स्पीकरला जोडलेला होता. हाळी संपली, मेंढरं चरतच होती. मग आकाशवाणी व्हावी तसा बानूबाईचा आवाज पूर्ण सोसायटीवर घुमला, "ए भवाने, कुटं निघालीस? फिर माघारी."

एका क्षणात सगळ्या माना वर झाल्या. कळप वळला आणि फाटकातून आत निघाला. कुलथे खुर्चीवर उभे राहिले. मेंढरं सिमेंटच्या रस्त्याने, शाळेतल्या रांगेसारखी, शैलेशच्या बाल्कनीखाली येऊन पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये थांबली आणि वर बघू लागली. बाल्कनीत जान्हवी आली.

"शैलेश," ती वरून म्हणाली, "तुझा मोबाईल मला भवानी म्हणतोय. बंद कसा करायचा?"

"बंद नको करू, खाली आण," शैलेश ओरडला.

जान्हवी लिफ्टने खाली आली. शैलेशने मोबाईल हातात घेतला, आवाज पुरता वाढवला आणि "दिलं" हे बटण मुद्दामच दाबलं नाही. तो दोन पावलं डावीकडे गेला. मेंढरं डावीकडे आली. तो उजवीकडे गेला. मेंढरं उजवीकडे आली. मग बर्मुडा आणि कंपनीचा टीशर्ट घातलेला तो माणूस मोबाईल मशालीसारखा उंच धरून फाटकाकडे चालू लागला. हातातून बानूबाई शिव्या घालत होती आणि मागून सगळा कळप गुपचूप येत होता. शैलेशचे डोळे भरून आले. सतरा वर्षांत त्याने लिहिलेल्या ओळींचं पुढे काय झालं ते त्याला कधी कळलं नव्हतं. या दोन ओळींमागून खुरं वाजत येत होती.

कुलथ्यांनी हिरवळ फिरून पाहिली. वाकून पाहिली. एक पातं तुटलेलं नव्हतं. मग त्यांनी खिशातली नोटीस काढून कलम तीन स्वतःशीच वाचलं आणि नोटीस घडी करून परत ठेवली. "कलमात हिरवळ म्हटलंय, पार्किंग नाही," ते म्हणाले. "नियम म्हणजे नियम. राहू द्या त्यांना." जाताना ते असंही म्हणाले, की सोसायटीची माणसं एवढ्या शिस्तीत कधी बाहेर पडलेली त्यांनी पाहिली नाहीत.

बानूबाईने गाठोडं सोडलं. येसाजी मात्र दगडावर बसून राहिला.

"म्हंजी इतकी वरसं," तो शेवटी म्हणाला, "मी हाळी द्यायचो आन ती तुज्या वरडन्यावर यायची?"

"मला ठावं व्हतं की," बानूबाई म्हणाली. "तुमाला काय सांगायचं. तुमी लई मन लावून द्यायचा."

येसाजी काठीच्या टोकाने माती उकरत राहिला. शैलेशला त्या माणसाचं फार वाईट वाटलं. आपल्या उत्साहाने एका भल्या गृहस्थाची आयुष्यभराची समजूत मोडली असं त्याला वाटत राहिलं. तरी काम अर्धं होतं. कापलेला आवाज परत जोडून दुसरी विनंती धाडायला हवी होती. त्याने बानूबाईला तसं सांगितलं.

"आन ह्ये कुटंकुटं वाजणार?"

"जिथे जिथे हे ॲप आहे तिथे. परदेशातसुद्धा."

बानूबाईने पदर सारखा केला. "मग त्ये नगं. परक्या मुलकात मी शिव्या देती म्हनतील. थांबा, नीट बोलते."

शैलेशने मोबाईल धरला. बानूबाईने घसा साफ केला आणि आयुष्यात कधी काढला नसेल इतक्या मऊ आवाजात म्हणाली, "या गं बायांनो. या माज्या जवळ. औषध घ्या."

मेंढरं चरत राहिली. तिने आणखी गोड आवाजात पुन्हा म्हटलं. एका म्हातारीशा मेंढीने तिच्याकडे पाठ केली. बानूबाईचा चेहरा पडला आणि दगडावर बसलेला येसाजी दुपारपासून पहिल्यांदा हसला. तो इतका हसला की त्याची टोपी पडली आणि कुत्र्याने ती उचलून नेली.

"बघा सायेब," तो म्हणाला, "नीट बोललं की तिचंबी कुनी ऐकत न्हाई."